एकोणीस किलोची शेगडी



यंदा पावसाळा सरता सरता मी एक जुनी बिडाची शेगडी विकत घेतली आणि तीन आठवडे खपून ती दुरुस्त केली. पंचाहत्तरीच्या माणसाला दुसरा काही उद्योग नाही का, हे घरात सगळ्यांनी विचारून झालंय, तेव्हा तुम्ही विचारलं नाही तरी चालेल. आपल्यातले बरेच जण पाटा-वरवंटा, जातं, तांब्याचा बंब यांच्या आठवणी लिहितात. म्हटलं, शेगडीची हकीकत आपण लिहू. जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

आधी गावाबद्दल. मी आदिलाबादचा. आमचा जिल्हा पूर्वी निजामाच्या हैदराबाद संस्थानात. किनवट आणि राजुरा हे तालुके तेव्हा आमच्याच जिल्ह्यात होते. १९५६च्या राज्य पुनर्रचनेत ते मुंबई राज्यात गेले आणि आम्ही आंध्र प्रदेशात राहिलो. २०१४पासून तेलंगणात आहोत. घर तेच, पत्त्यातलं राज्य मात्र बदलत गेलं. उत्तरेला पैनगंगेचा पूल ओलांडला की यवतमाळ जिल्हा. त्यामुळे आमच्याकडे घरात मराठी, बाजारात तेलुगू आणि भंगारवाल्याशी दखनी, असा रोजचा कारभार चालतो.

तर भंगारवाला. जुन्या कूलरचा गंजलेला सांगाडा विकायला त्याच्याकडे गेलो होतो. तिथे सायकलींच्या रिमा आणि मोडक्या पंपांच्या ढिगात तीन पाय वर करून एक वस्तू उताणी पडलेली दिसली. सरळ केली तर शेगडी. गोल, बिडाची, पोटात रुंद आणि वर जराशी निमुळती. काठावर भांडं टेकायला तीन खुंट, दोन्ही बाजूंना कडी अडकवायचे कान, खाली राख काढायचं छोटं दार. दाराची एक बिजागरी तुटलेली, एका पायाला आरपार तडा, आतली जाळी जळून जळून चाळणीसारखी झालेली. अंगावर कधीकाळी काही इंग्रजी अक्षरं उठवलेली असावीत, त्यातली दोनच आता बोटाला लागतात.

मी भाव विचारला. चाचा म्हणाले, "दो हजार. अँटिक है साब. हैदराबाद के लोगां आके लेके जातें."

"क्या करतें ले जाके?"

"पौधा लगातें, और क्या!"

मी काट्यावर ठेवायला लावली. एकोणीस किलो भरली. भंगारच्या त्या दिवसाच्या भावानं सहाशेच्या आसपास होत होते. चाचा अँटिकच्या भावावर आणि मी भंगारच्या भावावर, अशी पंधरा मिनिटं गेली. शेवटी अकराशेला तुटलं. रिक्षावाल्यानं साठ घेतले, आणि ओझं चढवून द्यायचं नाही हेही वर ऐकवलं.

ज्यांनी गॅसच्या आधीचे दिवस पाहिले नाहीत त्यांच्यासाठी थोडं सांगतो. चुलीत लाकूड जळतं, शेगडीत कोळसा. आणि कोळसा दोन जातींचा. एक लोणारी कोळसा, म्हणजे लाकूड मातीखाली कोंडून, हवा न लागू देता जाळून केलेला. तो हलका, वाजवला तर खणखणतो, एकदा फुलला की धूर जवळजवळ नाही. दुसरा दगडी कोळसा, खाणीतला. तो पेटायला हट्टी, पेटताना पिवळट काळा धूर सोडणारा, पण लागला की तासन् तास आच देणारा.

आमच्या भागाला दोन्ही कोळसे जवळचे. एकीकडे सागाचं जंगल आणि दुसरीकडे गोदावरीच्या खोऱ्यातल्या खाणी. १८७१ साली भूगर्भ सर्वेक्षण खात्याच्या डॉ. विल्यम किंग यांना येल्लंदूजवळ दगडी कोळसा सापडला. १८८६ साली हैदराबाद डेक्कन कंपनीनं खाणीचे हक्क घेतले आणि १९२० साली सिंगरेणी कॉलियरीज ही कंपनी झाली. पुढे बेल्लमपल्लीलाही खाणी निघाल्या. बेल्लमपल्ली तेव्हा आमच्याच जिल्ह्यात होतं. २०१६ साली जिल्ह्याचे चार जिल्हे झाले आणि ते मंचिर्यालमध्ये गेलं. तिकडच्या खाण कामगारांच्या वस्तीत संध्याकाळी घराघरापुढे दगडी कोळशाच्या शेगड्या धुमसत असायच्या. बँकेत असताना त्या भागात कामाला जायचो, तेव्हा सातच्या सुमाराला गल्लीवर धुराचं पांघरूण पसरलेलं पाहिलंय.

आमच्या घरात मुख्यतः लोणारी कोळसा. त्याला जोड म्हणून पऱ्हाट्या, म्हणजे कापूस वेचून झाल्यावर उरणारी वाळकी झाडं. कापसाचा मुलूख, पऱ्हाट्यांना तोटा नाही. पोत्याच्या तळाशी कोळशाचा चुरा उरायचा, तोही फुकट जात नसे. शेण आणि माती मिसळून त्याचे लाडवाएवढे गोळे वळायचे आणि उन्हात वाळवायचे. गोळे वळण्याच्या दिवशी आमचे हात कोपरापर्यंत काळे.

शेगडी आमच्याकडे नुसती स्वयंपाकाची वस्तू नव्हती. वडील एका जिनिंगमध्ये दिवाणजी होते. १९५८ साली ते गेले तेव्हा मी आठ वर्षांचा आणि अक्का बारा वर्षांची. आईनं दोन महिन्यांत घरगुती खानावळ सुरू केली. कापसाच्या हंगामात बाहेरगावचे कारकून, अडत्यांचे मुनीम यायचे, दोन-तीन बदलीवरचे मास्तर वर्षभर असायचे. हंगामात चौदा पानं, एरवी पाच-सहा. दोन शेगड्या आणि एक चूल यांच्यावर ते घर चाललं. माझी शाळा, नांदेडचं बी.कॉम., तिथल्या खोलीचं भाडं, सगळं त्यावरच. १९७२ साली मी बँकेत लागलो आणि पुढच्या वर्षी खानावळ बंद झाली. आमच्या दोन शेगड्यांपैकी मोठी बिडाची होती, साधारण अशीच. ती कधी, कुठे गेली ते कुणालाच आठवत नाही. म्हणून ही दिसल्यावर सोडवेना.

आता दुरुस्ती. कुणाकडे अशी वस्तू पडली असेल तर उपयोगी पडेल, म्हणून क्रमानं लिहितो.

पहिला आठवडा गंज काढण्यात गेला. तारेचा ब्रश, डिझेलमध्ये भिजवलेलं फडकं, मग पॉलिश पेपर. गंज आणि जुनी काजळी यांचे थर एकावर एक असतात, घाईनं निघत नाहीत. ठोकून काढायच्या भानगडीत पडू नका. बीड लोखंडासारखं वाकत नाही, सरळ तडकतं. त्यात कार्बनचं प्रमाण दोन ते चार टक्के असतं, त्यामुळे ते अंगानं ठिसूळ, पण आच छान धरून ठेवतं.

दुसरं काम वेल्डिंगचं. दोन ठिकाणी "नहीं होता" म्हणून परत पाठवलं. तिसऱ्या दुकानातला पोरगा तिशीचाही नसेल. त्यानं शेगडी उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाला, "सार, ये कास्ट है. सादी कांडी लगाए तो आज जुडता, कल फटता." त्यानं निकेलची कांडी मागवली. तड्याच्या दोन्ही टोकांना बारीक भोकं पाडली, म्हणजे तडा पुढे पळत नाही. आधी पाय चांगला तापवून घेतला, मग एकेक इंच जोडत आणि मध्ये हलके हातोडीचे ठोके देत गेला. झाल्यावर पाणी तर नाहीच, वाराही लागू दिला नाही. चुलीची राख एका घमेल्यात भरून तो पाय रात्रभर त्यात पुरून ठेवला. हळूहळू निवला तरच जोड टिकतो, म्हणाला. हे कुठे शिकलास विचारलं, तर ट्रॅक्टरची जुनी हाऊसिंगं जोडून जोडून, असं उत्तर. दाराची बिजागरीही त्यानंच पिन घालून दिली.

तिसरी गोष्ट जाळी. मूळची बिडाची जाळी ओतून घ्यायची तर एका नगासाठी साचा कोण करणार? म्हणून जाड लोखंडी सळयांची जाळी करून घेतली. इथे वेल्डरनं एक शहाणपणाची गोष्ट सांगितली. जाळी आतून घट्ट बसवायची नाही, चारी बाजूंनी थोडी सैल ठेवायची. लोखंड तापून फुगतं, जागा नसेल तर ते शेगडीचंच पोट फोडतं.

चौथं लिंपण. आतून मातीचा थर हवा, नाहीतर आच थेट बिडाला लागते आणि निम्मी बाहेर वाया जाते. त्यासाठी कुंभाराच्या घरी गेलो. तिथल्या आजीबाईंनी वारुळाची माती, धानाचा कोंडा आणि थोडं शेण असं प्रमाण सांगितलं आणि माती स्वतःच मळून दिली. दोन बोटं जाडीचा थर द्यायचा, सावलीत वाळवायचा, भेगा पडल्या की पुन्हा पातळ हात फिरवायचा. उन्हात ठेवायची घाई केली की सगळं लिंपण पापडासारखं सुटतं. आमच्या शेगडीला सहा दिवस लागले.

शेवटी बाहेरून जवसाच्या तेलाचा पातळ हात देऊन कोमट तापवली. असं तीनदा केलं. रंगाच्या दुकानातला काळा रंग लावू नका, पहिल्याच आचेला फोड येतात आणि घरभर वास. जवसाचं तेल बिडावर करकरीत काळं बसतं.

सवयीनं सगळा खर्च डायरीत मांडला. शेगडी अकराशे, रिक्षा साठ, वेल्डिंग पाचशे, जाळी साडेतीनशे, ब्रश आणि पॉलिश पेपर एकशेवीस, तेल एकशेऐंशी, लिंपणाचे आजीबाईंना शंभर. एकूण दोन हजार चारशे दहा.

तयार झाल्यावर फोटो घरच्या ग्रुपवर टाकला. हैदराबादहून मुलाचा फोन आला, "बाबा, हिच्यात मनी प्लांट काय मस्त दिसेल!" भंगारवाले चाचा माणसं ओळखतात. सौ.चं म्हणणं, "अहो, गच्चीत ठेवा, पण घरात पेटवायची नाही." तिचं बरोबरच होतं, त्याबद्दल पुढे लिहितो.

डिसेंबरात अक्का आली. ती पैनगंगेपलीकडे, पांढरकवड्याला असते. वय एकोणऐंशी, गुडघे सोडले तर तब्येत ठणठणीत. आमच्याकडे तेव्हा कडाक्याची थंडी पडते. तेलंगणातली सगळ्यात जास्त थंडी आमच्या भागात. अंगणात खुर्ची टाकून तिला बसवलं आणि शेगडी समोर आणून ठेवली. मला वाटलं, डोळ्यांत पाणी येईल.

तिनं पाहिली. दार उघडून आत बोट फिरवलं, लिंपण चाचपलं, जाळी हलवून पाहिली.

"लिंपण चांगलं झालंय. कुणी केलं?"

सांगितलं.

"शोभेला ठेवणार आहेस का?"

मी म्हटलं, अजून ठरलं नाही.

"मग पेटव. पेटवायची नसेल तर ज्याला लागते त्याला देऊन टाक."

नातू सुट्टीला आला होता, तेरा वर्षांचा. अक्कानं त्यालाच कामाला लावलं. दार वाऱ्याच्या तोंडाला. जाळीवर तेलात भिजवलेली चिंधी, तिच्यावर पऱ्हाट्यांचे तुकडे, वर आधी बारीक कोळसा, मग मोठा. त्यानं पुठ्ठ्यानं जोरजोरात वारा घातला तशी म्हणाली, "अरे, विझवायचीय का? खालून घाल, दारातून. सावकाश." दहा मिनिटांत कोळसे कडेनं लाल झाले. धूर आमच्याकडे वळला तशी ती पदर नाकाला लावून खुर्चीसकट मागे सरकली. मग बोलायला लागली. इतक्या वर्षांत ती यातलं काही बोलली नव्हती.

"सहावीतून माझी शाळा सुटली ती हिच्यासाठी. पहाटे साडेचारला दोन्ही शेगड्या पेटवायच्या. आईला धूर सोसायचा नाही, म्हणून मी अंगणात पेटवून, फुलल्या की आत न्यायची. कडीला फडकं गुंडाळून. आठ महिने ठीक होतं. पावसाळ्यात अंगणात कशी पेटवणार? चार महिने पडवीतच. तो सगळा धूर आईनं खाल्ला."

आई १९८१ साली दम्यानं गेली. शेवटच्या दुखण्यात तपासणाऱ्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन विचारलं होतं, "बाई विडी ओढतात का?" आईनं जन्मात तंबाखूला हात लावला नव्हता. शेगडीवरच्या वरणाची चव वेगळीच, असं आपण सगळे म्हणतो आणि ते खोटं नाही. त्या चवीची किंमत एका छातीनं भरलेली होती, हे त्या प्रश्नातून मला कळलं.

अक्काचं पुढे चालूच. "आणि हिशोब रे? आईला लिहिता येत नव्हतं. पानं किती झाली, कोण आलं नाही, कुणाचा पाहुणा जेवला, हे सगळं मी कोळशानं भिंतीवर लिहायची. शेगडीच्या मागच्या भिंतीवर. प्रत्येकाचं नाव आणि पुढे रेघा. महिनाअखेर बेरीज."

ती भिंत मला आठवते. काळ्या रेघांनी भरलेली. दिवाळीला चुना मारला की ती कोरी व्हायची.

"तेव्हा नवे पैसे नुकतेच आले होते," अक्का म्हणाली. "आई आण्यात बोलायची, मुनीम लोक पैशांत द्यायचे. एका आण्याचे सहा, दोनाचे बारा, तीनाचे एकोणीस, चाराचे पंचवीस. तीनाचे अठरा धरून एक जण दर वेळी पैसा कमी द्यायचा. मी त्याला पकडलं."

१९५७ साली दशमान नाणी आली तेव्हाचा तो कोष्टक. बँकेच्या परीक्षेसाठीही मला कुणी तो विचारला नाही. सहावीत शाळा सुटलेल्या मुलीला तो सत्तरीपलीकडेही पाठ होता. हंगाम संपताना कोण किती बुडवून गेला तेही. एक कारकून साडेसतरा रुपये न देताच रात्रीच्या गाडीनं गेला, तो आकडा सांगताना तिच्या कपाळावर आठी आलीच.

"बँकेत तू लागलास," ती म्हणाली, "पण आपल्या घरातलं पहिलं खातं मी लिहिलं."

मी म्हटलं, "खरंय अक्का." दुसरं काय म्हणणार?

मग मी माझी डायरी तिला दाखवली, शेगडीच्या खर्चाचं पान. चष्मा लावून तिनं प्रत्येक रक्कम वाचली, ओठ हलवत बेरीज तपासली. म्हणाली, "बरोबर आहे. मजुरी कुठंय?"

"वेल्डरची लिहिलीय की."

"तुझी. तीन आठवडे घासत बसलास ना?"

"घरच्या कामाची मजुरी कोण लावतं, अक्का?"

तिनं चष्मा काढून पुसला. "तेच," एवढंच म्हणाली आणि नातवाला वांगी आणायला पिटाळलं.

त्या दिवशी निखाऱ्यांवर भरताची वांगी भाजली, त्याच आचेवर ज्वारीच्या भाकरी. दार लोटून आच मंद कशी करायची, राख झटकून पुन्हा कशी वाढवायची, हे सौ.नं आणि नातवानं अक्काकडून शिकून घेतलं. वाढायला मी होतो. अक्काला खुर्चीतून उठू दिलं नाही.

शेगडी आता मागच्या अंगणात, पत्र्याच्या छपराखाली असते. मनी प्लांट नाही. हुरडा, भरीत, संक्रांत अशा निमित्तानं पेटते, नेहमी उघड्यावर. थंडीत खोलीत ओढून घ्यायचा मोह होतो, पण ते कुणीही करू नका. बंद खोलीत निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड वायू निघतो. त्याला ना वास ना रंग, झोपेतच माणूस जातो. बाळंतिणीच्या शेक-शेगडीलाही जुन्या बायका दार-खिडकी किलकिली ठेवत, ते उगाच नव्हतं.

डायरीतल्या त्या पानावर बेरजेच्या खाली मी एक ओळ वाढवली आहे: "अक्का, मजुरी, १९५८ ते १९६५." १९६५ साली तिचं लग्न झालं. पुढे रक्कम लिहिलेली नाही. तिला फोनवर सांगितलं तर हसली. म्हणाली, "राहू दे, आता व्याजासकट मागेन."

मंडळी, तुमच्याही घरी शेगडी असेल. तिच्यावर काय काय शिजायचं हे आपण पुष्कळदा लिहितो. या वेळी तुमच्या घरातली शेगडी पहाटे कोण पेटवायचं, तेवढं लिहा. ती व्यक्ती हयात असेल, तर आधी तिला विचारून लिहा.